वाळवणाची मिळकत आणि मुंबईची सफर

उन्हाळ्याची सुटी जवळ येऊं लागली म्हणजे मध्यम स्थितींतील बहुतेक कुटुंबांत दोन गोष्टींचीं बोलणीं एकाच वेळीं सुरू होतात. बैठकीच्या खोलींत मुलें ‘यंदा मुंबईला जायचें’ म्हणून हट्ट धरून बसलेलीं असतात, आणि स्वयंपाकघरांत वाळवणासाठीं उडीद, गहूं, साबुदाणा किती आणावयाचा याची यादी चाललेली असते. पहिली गोष्ट खर्चाची, म्हणून ती घरांतील कर्त्या पुरुषापुढें जाते; दुसरी कष्टाची, म्हणून ती बायकांवर सोपविली जाते. या दोहोंचा परस्परांशीं कांहीं संबंध असूं शकेल, हें फारसें कुणाच्या ध्यानांत येत नाहीं. तो संबंध दाखवावा आणि त्याबरोबर येणारा एक अवघड प्रश्न वाचकांपुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

ज्या उन्हाला कंटाळून चार दिवस गांव सोडावें असें आपल्याला वाटतें, तेंच ऊन आपल्या घरचें मोठें भांडवल आहे. अन्न नासतें तें मुख्यतः त्यांतील ओलाव्यामुळें. बुरशी आणि सूक्ष्म जंतु यांना वाढण्यास पाणी लागतें. तें काढून घेतलें कीं त्यांचें कांहीं चालत नाहीं. चैत्र-वैशाखांतील कडक ऊन हें काम एक पैही न घेतां करून देतें. देशावरचे पापड, कुरडया, शेवया, सांडगे आणि कोंकणांतील आमसुलें, आंबापोळी, फणसपोळी हा सगळा या उन्हाचाच प्रसाद होय. मुंबईसारख्या शहरांत गच्ची सर्वांच्या मालकीची, आणि म्हणून कुणाच्याच उपयोगाची नसते. समुद्रकांठची हवा दमट. आणि नवराबायको दोघेंही सकाळची लोकल गांठण्याच्या घाईंत. अशा घरांत वाळवणाला ऊन नाहीं, जागा नाहीं आणि हातही नाहींत; खाण्याची आवड मात्र जशीच्या तशी आहे. लहान गांवांतील मोठ्या कुटुंबाजवळ हीं तिन्ही साधनें असतात. आपल्याजवळ जें अधिक आहे तें ज्याच्याजवळ नाहीं त्याला योग्य मोल घेऊन देणें, यालाच व्यापार म्हणतात.

‘शिकल्या-सवरल्या घरानें आतां पापड विकावयाचे काय?’ असा प्रश्न येथें कांहीं वाचकांच्या मनांत येईल. आमच्या वर्गानें पिढ्यान्‌पिढ्या नोकरीला मान दिला आणि हातीं तराजू धरण्यास कमी लेखलें, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु या समजुतीला उत्तर देणारें उदाहरण आपल्याच इतिहासांत आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईस भायखळ्याच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक होते. ती नोकरी चालू असतांनाच ते मुंबईंत सायकली विकत घेत आणि बेळगांवीं आपले बंधु रामुअण्णा यांच्याकडे पाठवीत; रामुअण्णा त्या तेथें विकीत आणि गिऱ्हाइकांना सायकल चालविण्यासही शिकवीत. बेळगांवचें हें सायकलींचें दुकान १८८८ सालचें. त्याच मुळांतून पुढें लोखंडी नांगराचा कारखाना निघाला आणि १९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसली. एक भाऊ शहरांत, दुसरा गांवीं, आणि मध्यें आगगाडी: एकत्र कुटुंबाला जोडधंद्यासाठीं याहून निराळी कोणती पेढी हवी?

हीच रीत आज आंब्याच्या दिवसांत अनेक घरीं दिसते. रत्नागिरीकडे बाग सांभाळणारा एक भाऊ आणि पुण्यास किंवा मुंबईस नोकरी करणारा दुसरा, असे दोघे मिळून दोन महिने पेट्यांचा धंदा करतात. गांवचा भाऊ माल उतरवून प्रतवारी करतो, शहरांतला भाऊ सोसायटींतील आणि कचेरींतील ओळखीच्या मंडळींकडून आगाऊ मागणी घेतो. दलालाकडे जाणारा पैसा घरांत राहतो आणि गिऱ्हाइकाला खात्रीचें फळ मिळतें. मात्र अढींतून निघणारीं डागी फळें कुणाच्या खातीं घालावयाचीं, हें आधींच ठरलें पाहिजे. नाहींतर फळाबरोबर भाऊपणाही नासतो. हापूसला २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, आणि तें रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणें व पालघर या जिल्ह्यांपुरतें आहे. दुसरीकडचें फळ हापूस म्हणून एकदां जरी गळ्यांत घातलें, तरी पुढच्या वर्षीं तें गिऱ्हाईक फिरून येत नाहीं. ओळखीवर चालणाऱ्या धंद्यांत ओळख हेंच खरें भांडवल असतें.

आतां मुंबईच्या सफरीकडे वळूं. सामान्यतः पाहुणे मंडळी गेटवे, चौपाटी, राणीचा बाग पाहून आणि पाय दुखवून परत येतात. तीं ठिकाणें पाहूं नयेत असें आम्ही म्हणत नाहीं. वैशाखांत सकाळीं लौकर निघून अकराच्या आंत सांवली गांठावी, दुपार घरांत किंवा संग्रहालयांत काढावी, आणि ऊन उतरल्यावर समुद्रावर जावें, एवढें पथ्य पाळलें कीं मुंबई सोसते. पण जें कुटुंब जोडधंद्याचा विचार करीत आहे, त्यानें या शहराकडे एक शाळा म्हणून पाहावें असें आम्ही सुचवितों. राणीच्या बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८७२ सालीं तें लोकांसाठीं उघडलें. तेथें जुन्या मुंबईंतील नाना जातीजमातींच्या आणि कारागिरांच्या मातीच्या प्रतिमा मांडलेल्या आहेत. बागेंतील प्राणी पाहून झाल्यावर मुलांना तेथें न्यावें आणि कोण काय करून पोट भरीत असे, हें त्यांचें त्यांनाच ओळखूं द्यावें.

दुसरा धडा गिरगांवांत आहे. १५ मार्च १९५९ रोजीं तेथील एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटावयास बसल्या. छगनलाल करमसी पारेख या सद्गृहस्थांकडून घेतलेले ८० रुपये एवढेंच त्यांचें भांडवल. पहिल्या दिवशीं चार पुडे तयार झाले. तोच पुढें ‘लिज्जत’ या नांवानें प्रसिद्धीस आलेला श्री महिला गृह उद्योग. या सातजणींपैकीं जसवंतीबेन पोपट यांना २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. यश सर्वांना ठाऊक आहे; आम्हांला येथें त्यांच्या पहिल्या अडचणीकडे लक्ष वेधावयाचें आहे. पहिल्याच पावसाळ्यांत पापड वाळेनात, आणि सुमारें चार महिने काम बंद ठेवावें लागलें. दुसऱ्या वर्षीं त्यांनीं एक खाट आणि एक शेगडी आणली. खाटेवर पापड पसरावे आणि खालीं शेगडी पेटवावी, अशी युक्ति काढली. फुकट मिळणाऱ्या उन्हावर उभा राहिलेला धंदा उन्हाबरोबर संपतो, हें त्यांनीं पहिल्या वर्षींच ओळखलें. ज्यांना वाळवणाचा धंदा दोन महिन्यांपुरताच ठेवावयाचा आहे त्यांनीं तसा ठेवावा. पण बारमाही गिऱ्हाईक जोडावयाचें असेल तर पावसाळ्याची तजवीज चैत्रांतच केली पाहिजे.

या संस्थेची दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. तेथें लाटणारी बाई पीठ घरीं नेते, लाटलेले पापड आणून देते आणि आपल्या कामाची मजुरी घेऊन जाते. नफातोटा सर्व सभासद भगिनींचा. त्या संस्थेनें देणग्या न घेण्याचा नियम प्रथमपासून पाळला. कामाला मोल आहे, दयेची गरज नाहीं, हा त्या नियमाचा अर्थ.

तिसरा धडा दुपारीं चर्चगेट स्टेशनाबाहेर मिळतो. तेथें डबेवाल्यांच्या डब्यांची वांटणी अवघ्या कांहीं मिनिटांत होते. डब्याच्या झांकणावरील खुणा, अक्षरें आणि रंग यांवरून तो कोठून आला आणि कोठें जावयाचा हें ओळखलें जातें. १८९० सालीं महादू हावजी बच्चे यांनीं या धंद्याचा पाया घातला. यांतील बहुतेक मंडळी मावळ, जुन्नर, आंबेगांव, राजगुरुनगर या बाजूचीं. घरच्या अन्नाला शहरांत किती किंमत आहे, याचा याहून मोठा पुरावा नाहीं. परंतु २०२० च्या करोनाच्या सांथींत कचेऱ्या बंद पडल्या आणि याच धंद्याला जबर धक्का बसला. म्हणून जोडधंदा हा जोडधंदाच असावा. घराचा सगळा भार त्या एका खांबावर घालूं नये.

गिरणगांवांतून जातांना आणखी एक नांव मुलींना सांगावें. गिरणीकामगारांना जेवूं घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका वर्षानुवर्षें सावकारांच्या व्याजांत अडकलेल्या होत्या. प्रेमाताई पुरव यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या बायकांना बँकेची दारें उघडून दिलीं. त्या बायकांना स्वयंपाक येत होता, कष्ट येत होते, गिऱ्हाईकही होतें. नव्हती ती पत. एकटीला न मिळणारी पत दहाजणींना एकत्र मिळते, हें त्या चळवळीनें दाखवून दिलें.

मुंबईस उतरावयाचें तें बहुधा नातलगांकडेच. दोन खोल्यांच्या घरांत सातजणांनीं आठवडाभर राहण्यापेक्षां तिघांनीं तीन दिवस राहावें, हें तर खरेंच. पण माल घेऊन जाणाऱ्यानें आणखी एक मर्यादा पाळावी. मुंबईची वहिनी ही आपली फुकटची अडत्या नव्हे. पापडांचा एक पुडा तिला भेट म्हणून द्यावा. उरलेले पुडे तिनें शेजारणींना विकून द्यावे अशी अपेक्षा असेल, तर तिचा भाग आधीं ठरवून तो तिच्या हातावर ठेवावा. ‘आपल्याच माणसांत पैशाची भाषा कसली?’ असें म्हणणारा बहुधा पैसे घेणारा असतो, देणारा नव्हे. विकण्यासाठीं खाद्यपदार्थ करणाऱ्यानें, धंदा घरगुती आणि लहान असला तरी, अन्न सुरक्षा कायदा, २००६ याखालीं नोंदणी करावी लागते, हेंही ध्यानांत असूं द्यावें. पुड्यावर करणाऱ्याचें नांव, घटक, वजन आणि तारीख असली म्हणजे अनोळखी गिऱ्हाइकालाही भरंवसा वाटतो.

आतां हिशेबाकडे येऊं. घरगुती धंद्याचा हिशेब बहुधा चुकीचा लिहिला जातो, आणि तो नेहमी एकाच बाजूनें चुकतो. पुढील आंकडे केवळ रीत दाखविण्यासाठीं घेतले आहेत; प्रत्येकानें आपल्या गांवचे भाव घालून पाहावे. समजा, एका घरानें वीस किलो पापड केले. डाळ, मसाला, तेल, पापडखार आणि पिशव्या मिळून ४,००० रुपये लागले. किलोस ४०० रुपये भाव धरला तर ८,००० रुपये येतील. तेव्हां ४,००० रुपये नफा, असें घरांतील कर्ता पुरुष वहींत लिहून मोकळा होतो. पण दोन किलो पापड मोडके निघाले किंवा घरांतच खपले. विक्री झाली अठरा किलोंची, म्हणजे ७,२०० रुपयांची. माल पाठविण्यास ३०० रुपये पडले. हातीं राहिले २,९०० रुपये. आतां काम किती झालें तें मोजावें. चौघीजणी सहा दिवस रोज तीन तास बसल्या, म्हणजे बहात्तर तास. प्रत्येक तासाला सुमारें चाळीस रुपये पडले. हा नफा नव्हे. ही मजुरी होय. ती पुरेशी वाटत असेल तर धंदा खुशाल करावा. कमी वाटत असेल तर भाव वाढवावा, किंवा अधिक मोल मिळवून देणारा दुसरा पदार्थ निवडावा. पण तास मोजलेच नाहींत, तर हा प्रश्न कधीं निघतच नाहीं, आणि चौघींचे कष्ट ‘नफा’ या नांवाखालीं दिसेनासे होतात.

येथेंच तो अवघड प्रश्न उभा राहतो. हे २,९०० रुपये कुणाचे?

एकत्र कुटुंबांत याचें उत्तर आजवर फार सोपें मानलें गेलें: घराचे. पण हें उत्तर सर्वांना सारखेंच लागू होतें काय, हें पाहूं. शिकून नोकरीस लागलेल्या मुलाचा पगार त्याचा कीं कुटुंबाचा, यावर न्यायालयांत पुष्कळ वाद झाले. अखेर १९३० सालीं विद्याधनाचा कायदा होऊन, कुटुंबाच्या पैशानें शिक्षण झालें असलें तरी विद्येच्या बळावर मिळविलेलें धन मिळविणाराचेंच, असें ठरलें. स्त्रीच्या बाबतींत मात्र कात्यायनस्मृतीचा नियम असा, कीं तिनें हातच्या कलेनें मिळविलेल्या धनावर पतीचा अधिकार चालावा. विवाहित स्त्रीची कमाई तिची स्वतःची, असें म्हणणारा कायदा इंग्रजी अमलांत १८७४ सालीं झाला. पण त्यांतून हिंदु स्त्रिया वगळलेल्या होत्या. हिंदु उत्तराधिकार कायदा आला तो १९५६ सालीं. त्याच्या चौदाव्या कलमानें स्त्रीच्या ताब्यांतील मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी मान्य केली, आणि स्वतःच्या कौशल्यानें व श्रमानें मिळविलेलें धन त्यांत स्पष्ट शब्दांत घातलें. म्हणजे मुलाच्या पगाराला जो न्याय १९३० सालीं मिळाला, तो सुनेच्या पापडांना मिळावयास आणखी सव्वीस वर्षें जावीं लागलीं. कायद्यांत तो मिळाला. किती घरांच्या वहींत मिळाला, हें ज्याचें त्यानें पाहावें.

कायद्याचा दाखला आम्ही भांडणासाठीं देत नाहीं. एकत्र कुटुंब टिकावें अशी ज्यांची इच्छा आहे, त्यांनींच हा हिशेब आधीं चोख करावा असें आम्हांला वाटतें. बहुतेक घरें पैशाच्या अभावीं मोडत नाहींत. आपल्या कष्टांची कुणी मोजदाद करीत नाहीं, या सलानें मोडतात. व्यवहार अवघड नाहीं. कच्च्या मालाचे पैसे घरानें उसने द्यावे आणि विक्री झाल्याबरोबर ते प्रथम परत घ्यावे. वहींत सासूबाई, थोरली सून, धाकटी सून, नणंद अशीं नांवें घालून रोजचे तास लिहावे. अंगणांत राखण करणाऱ्या आणि पुडे पोंचविणाऱ्या मुलांचेंही नांव त्यांत असावें. उरलेल्या रकमेची वांटणी तासांप्रमाणें करून ज्याचे पैसे त्याच्या खात्यांत भरावे. त्यानंतर सफरीसाठीं कोणी किती द्यावें, तें ज्यानें त्यानें आपल्या खुशीनें ठरवावें. आपल्या मिळकतींतून नातवाला आगगाडीचें तिकीट काढून देणाऱ्या आजीचा आनंद, घरखर्चांतून निघालेल्या तिकिटांत नसतो.

‘घरांतल्या घरांत तास कसले मोजावयाचे, याने प्रेम आटेल,’ असा एक आक्षेप आम्ही नेहमी ऐकतों. ज्या घरीं दुधाचा, वीजेचा आणि मुलांच्या शिकवणीचा हिशेब ठेवल्यानें प्रेम आटत नाहीं, तेथें लाटण्याच्या हिशेबानेंच तें कां आटावें? आणि एखादीनें ‘मला वांटणी नको’ म्हटलें, तर तें तिचें औदार्य होय. पण औदार्य दाखविण्यासाठीं आधीं हातांत कांहीं असावें लागतें.

शेवटीं एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करूं. उन्हाळ्याची सफर निघते तेव्हां मुलें जातात, पुरुष जातात, आणि वाळवणाची राखण, लोणच्याच्या बरण्या व घरचीं वृद्ध माणसें सांभाळावयास पुष्कळदां तीच सून मागें राहते, जिच्या हातांनीं ते पापड लाटलेले असतात. यंदा तारखा ठरवितांना पहिलें तिकीट तिच्या नांवचें काढावें आणि मग बाकीच्यांची गणती करावी. घर सांभाळण्याची पाळी यंदा थोरल्या चिरंजीवांनीं घ्यावी. बरण्यांचीं दादरें घट्ट बांधणें आणि संध्याकाळीं अंगणांतलें वाळवण उचलणें हें त्यांना दोन दिवसांत शिकतां येईल. मुंबईस साधारणतः जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास पाऊस धरतो. त्याआधीं ती चौपाटी पाहून आली आणि येतांना आपल्या पैशांनीं आपल्या पसंतीची एखादी वस्तु घेऊन आली, म्हणजे त्या घराचा यंदाचा जोडधंदा फायद्यांत गेला असें आम्ही समजूं.